तारेचा वेग अडतो कोठें?

लातूर शहरांतील एखाद्या दुमजली घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. रस्त्यावरून आलेला कांचतंतु खालच्या मजल्यावर संपतो आणि तेथें 'राउटर' नांवाची लहानशी पेटी बसविलेली असते. बाहेरच्या जगाशीं घराचा जेवढा म्हणून संदेशव्यवहार चालतो तो सर्व या पेटींतून होतो. घराची ती वेसच म्हणा ना. वरच्या मजल्यावर मुलांच्या अभ्यासाच्या खोलींत 'स्विच' नांवाची दुसरी पेटी असते, व तींतून दोन-तीन संगणकांकडे तारा फुटतात. या दोन पेट्यांना जोडणारी वीस-पंचवीस मीटरांची केबल जिन्यावरून, गच्चीच्या कठड्याला खिळे मारीत नेलेली. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठीं जेथें लांबलांबून मुलें येऊन राहतात अशा या शहरांत हें दृश्य आतां नवलाचें नाहीं. २०२० सालीं शाळा आणि शिकवण्या एकाएकीं बंद पडून सगळा अभ्यास पडद्यावर आला तेव्हांपासून तर नाहींच नाहीं.

घरधनी सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाचे पैसे भरतो. मेगाबिट म्हणजे दहा लक्ष बिट, आणि बिट म्हणजे 'होय' किंवा 'नाहीं' एवढाच अर्थ असलेला संकेत. राउटरला संगणक जोडून मोजलें तर वेग पुरा भरतो. वरच्या खोलींत मोजला कीं आंकडा ९४ वर थबकतो. सकाळीं ९४, मध्यरात्रीं ९४, दुसऱ्या दिवशीं पुन्हां ९४. एवढ्यावरही कोणी तक्रार केली नसती. पण ऐन सराव-परीक्षेच्या मध्यें केव्हां केव्हां चार-पांच सेकंद सगळेंच ठप्प होतें, आणि घड्याळ मात्र चालूच राहतें. मग घरांत वाद सुरू होतात. कोणी सेवा पुरविणाऱ्याला दोष देतो, कोणी स्विच जुना झाला म्हणतो, कोणी नवा संगणकच घ्यावा असें सुचवितो. तारेचें नांव कोणी घेत नाहीं. तिचीं दोन्ही टोकें जागच्या जागीं असतात, पेटीवरचा दिवा लागलेला असतो. मग तिच्यावर संशय यावा तरी कसा?

या ९४ च्या आंकड्यांतच चोराचें पाऊल उमटलेलें आहे. पण तें ओळखावयाचें तर पावणेदोनशें वर्षें मागें गेलें पाहिजे. तारेवरील वेग टोकांवरचीं यंत्रें ठरवितात हा समज तारायंत्राइतकाच जुना आहे, आणि तो चुकीचा आहे हें शास्त्रज्ञांना पुष्कळ किंमत मोजून शिकावें लागलें.

मराठवाड्याला तोच धडा रेल्वेनें निराळ्या रीतीनें दिला होता. निजामाच्या राज्यांत असतांना नांदेडला विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद हा मीटर रुंदीचा लोहमार्ग मिळाला. लातूरला १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आली. लातूरचा माल त्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडीपर्यंत जाई, आणि तेथें हमालांच्या पाठीवरून मोठ्या गाडीच्या डब्यांत चढे. मुंबईकडचे रूळ कितीही रुंद असोत, मालाचा वेग कुर्डुवाडीच्या फलाटावर ठरे. पुढें हे मार्ग क्रमाक्रमानें रुंद झाले; म्हणूनच एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून पाण्यानें भरलेली गाडी वाटेंत कोठेंही न उतरवितां तहानलेल्या लातुरापर्यंत येऊन पोंचली. अरुंद रूळ डोळ्यांना दिसतो. अरुंद झालेली तार दिसत नाहीं, एवढाच काय तो फरक.

हिंदुस्थानांत तारायंत्राचा पाया घातला तो विल्यम ओशॉनेसी या शस्त्रवैद्यानें. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवितां शिकवितां १८३९ सालीं त्यानें शहराजवळ प्रयोगादाखल तार उभारली व तिचा कांहीं भाग हुगळीच्या पात्रांतूनही नेला. सरकारनें तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत त्यालाच बोलावणें आलें, आणि १८५१ मध्यें कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. बारीक तारेऐवजीं त्यानें जाड लोखंडी सळई पसंत केली. विलायतेंतील तज्ज्ञांना हा गांवठीपणा वाटला असेल; पण खांबांवर माकडें झोंबणाऱ्या आणि वादळांत झाडें कोसळणाऱ्या देशांत ती निवड शहाणपणाची होती. १८५५ सालीं कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास यांना जोडणारी तार सर्वांसाठीं खुली झाली.

त्याच सुमारास अटलांटिक महासागराच्या तळाशीं केबल टाकण्याची खटपट चालली होती. १८५८ च्या ऑगस्टमध्यें ती जोडली गेली. राणी व्हिक्टोरियानें अमेरिकेच्या अध्यक्षांस पाठविलेल्या ९८ शब्दांच्या संदेशाला सोळा तास लागले. विल्यम थॉमसन या तरुण प्राध्यापकानें अगोदरच गणितानें दाखवून दिलें होतें कीं, अशा केबलमध्यें तारेची लांबी दुप्पट झाली तर संकेताचा विलंब चौपट होतो. म्हणजे मंदपणाचें कारण तारेच्या घडणींतच आहे. तें कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस याला पटलें नाहीं. तोही मूळचा शस्त्रवैद्य. पण ओशॉनेसीची सबुरी त्याच्याजवळ नव्हती. केबल सुस्त आहे तर तिला अधिक जोर लावावा, असें त्याच्या मनानें घेतलें व सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब देऊन त्यानें तिला हांकलली. तीन-एक आठवड्यांत केबल मेली. नवी केबल यशस्वी होण्यास १८६६ साल उजाडावें लागलें. वरच्या मजल्यावरचा वेग वाढावा म्हणून महागडा राउटर आणणारा गृहस्थ व्हाइटहाउसचाच वंशज होय. त्याची केबल मरत नाहीं, पैसे तेवढे बुडतात.

या आपत्तींतून मोजमापाचें शास्त्र वाढीस लागलें, आणि त्यांत हिंदुस्थानच्या तारखात्याचा वांटा मोठा आहे. लुई श्वेंडलर हा जर्मन विद्युत्तज्ज्ञ कलकत्त्यास या खात्याच्या नोकरींत होता. आज त्याचें नांव निघालेंच तर अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या संदर्भांत निघतें, कारण तें स्थापण्यांत त्याचा पुढाकार होता व तेथें त्याचें स्मारकही आहे. पण त्याचें खरें स्मारक म्हणजे तारांच्या तपासणीविषयीं त्यानें खात्यासाठीं लिहिलेल्या सूचना. त्यांची आवृत्ति १८७८ सालीं लंडनहून निघाली. तार बंद पडल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां ती धडधाकट असतांनाच तिचा रोध व तिच्या आधारांची निगा नेमानें मोजून लिहून ठेवावी, म्हणजे बिघाड झाला कीं आजचा आंकडा कालच्या आंकड्याशीं ताडून पाहतां येतो, असा या पद्धतीचा गाभा होता. पावसाळ्यांत चिनीमातीचे आधार ओले होऊन प्रवाह खांबावाटे जमिनींत झिरपणाऱ्या या देशांत अशी वही नसेल तर दोष कोठें शोधावा?

तो शोधण्याची युक्ति मोठी नामी आहे. १८३३ सालीं क्रिस्टी यानें सुचविलेला व १८४३ सालीं व्हीटस्टन यानें लोकांपुढें आणलेला रोध मोजण्याचा 'पूल' तिच्या मुळाशीं आहे. समजा, नांदेड स्टेशनांतून परभणीच्या बाजूला चाळीस मैलांची तार गेली आहे आणि वाटेंत कोठें तरी ती जमिनीला टेकली आहे. खांबांवर तिच्या शेजारीं दुसरी निर्दोष तार आहेच. पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींस जोडावयास सांगितलें कीं ऐंशीं मैलांचा एक फेरा तयार होतो. आतां नांदेडला बसलेला तारमास्तर पुलाच्या दोन भुजा कमीजास्त करीत राहतो. कांटा शून्यावर स्थिर झाला आणि भुजांचें प्रमाण एकास तीन निघालें, तर दोषाच्या अलीकडे एक भाग व पलीकडे तीन भाग तार आहे. ऐंशींचा चौथा हिस्सा वीस. म्हणजे दोष वीस मैलांवर, पूर्णा स्टेशनच्या आसपास. खुर्चींतून न उठतां दोषाचा पत्ता लागला, आणि लाइनमनला चाळीस मैल पायपीट करण्याऐवजीं नेमक्या खांबाकडे धाडतां आलें. मरे आणि व्हार्ली या दोघांच्या नांवानें हे फेऱ्याचे प्रयोग अजूनही ओळखले जातात.

श्वेंडलरनें आणखी एका प्रश्नांत लक्ष घातलें, आणि लातूरच्या घराशीं त्याचा संबंध फार जवळचा आहे. एकाच तारेवरून दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं बोलतां येईल काय? अडचण अशी कीं, पाठविणाऱ्याचा स्वतःचाच जोरदार संकेत त्याच्या ग्राहक यंत्रांत घुमतो आणि पलीकडून आलेला क्षीण संकेत त्यांत बुडून जातो. १८५३ सालीं व्हिएन्नाच्या गिंटलनें यावर तोड काढली, १८७२ मध्यें अमेरिकेच्या स्टर्न्सनें ती व्यवहारांत आणली, व १८७४ सालीं श्वेंडलरनें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तिची सर्वसाधारण उपपत्ति मांडली. खऱ्या तारेची हुबेहूब नक्कल करणारी एक कृत्रिम तार कचेरींतच ठेवावयाची. निघणारा प्रवाह खऱ्या व खोट्या अशा दोन वाटांत सारखा वांटला गेला कीं आपलाच आवाज आपल्या कानीं पडत नाहीं, आणि उरतो तो फक्त पलीकडचा. नक्कल थोडी जरी बिघडली तरी गोंधळ माजतो. म्हणून पावसानें खऱ्या तारेची स्थिति पालटली कीं खोट्या तारेचीही घडी पुन्हां बसवावी लागे.

टेलिफोन आला तेव्हां एक लोखंडी तार व परतीस जमीन, ही जुनी व्यवस्था पुरेना. शेजारच्या तारांची कुजबुज कानांत येऊं लागली. १८८१ च्या एका पेटंटांत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनें उपाय सांगितला तो इतका साधा कीं हंसूं यावें: दोन तारा घ्याव्या आणि एकमेकींभोंवतीं पिळाव्या. बाहेरचा उपद्रव दोघींनाही सारखाच लागतो, आणि दोघींमधील फरकच तेवढा वाचला तर तो आपोआप वजा होतो. लातूरच्या जिन्यावरील केबल सोलली तर आंत हेंच दिसेल. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार पिळदार जोड्या, आणि प्रत्येकीचा पीळ किंचित् निराळा, म्हणजे एकीनें दुसरीच्या कानीं लागूं नये.

संगणकांना जोडणारी 'इथरनेट' पद्धति १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत मेटकाफ व बॉग्ज यांच्या हातून जन्मली. तेव्हां ती एका जाड केबलवर सेकंदाला तीन मेगाबिटांहूनही थोडी कमीच धांवत होती. पिळदार तारांवर १० मेगाबिटांचा वेग १९९० सालीं प्रमाण ठरला, १०० चा १९९५ मध्यें. या दोहोंना चारांपैकीं दोनच जोड्या पुरत: एक जाण्यास, एक येण्यास. निळी व तपकिरी नुसत्या बसून. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाहीं; पुष्कळ जुन्या कचेऱ्यांत निळ्या जोडीवर टेलिफोन चालविलेला किंवा एकाच केबलींतून दोन संगणक जोडलेले आढळत. त्या काळीं त्यांत कांहीं बिघडलेंही नाहीं.

१९९९ सालीं १००० मेगाबिटांचें प्रमाण आलें आणि त्यानें चारही जोड्या कामाला लावल्या. एकेका जोडीवर २५० मेगाबिट, आणि तेही दोन्ही दिशांनीं एकाच वेळीं. आपला आवाज वजा करून पलीकडचा ऐकण्याची जी करामत गिंटल व श्वेंडलर यांनीं कृत्रिम तारेच्या पेटाऱ्यानें साधली, तीच आतां नखाएवढी चीप गणितानें करते. ती चीप तारेची नक्कल स्वतःच तयार करते, व तार उन्हानें तापली कीं ती नक्कल स्वतःच सुधारते. नांदेडच्या मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढें असतो आणि गच्चीवर उन्हांत पडलेली केबल हवेहूनही अधिक तापते. तांब्याचा रोध तर उष्णतामानाच्या दर अंशाला शेंकडा सुमारें ०.४ नें वाढतो. शंभर मीटरांची जी मर्यादा घालून दिलेली आहे ती विलायती हवेंत पाळणें सोपें, मराठवाड्यांत ती थोडी हात राखूनच पाळावी.

आतां ९४ कडे वळावयास हरकत नाहीं. इथरनेटवर मजकुराच्या प्रत्येक १,४६० बाइटांमागें ७८ बाइट पत्ता, पडताळा आणि दोन थैल्यांमधील मोकळी जागा यांत खर्चीं पडतात. तेव्हां १०० च्या वाटेवर हातीं लागतात ते ९४-९५. म्हणून ३०० चे पैसे भरून बरोबर ९४ मिळत असतील, तर बाहेरचा पुरवठा अपुरा नाहीं. घरांतलीच कोणती तरी वाट १००० वरून १०० वर घसरलेली आहे.

ती घसरते कशी, हें पाहण्यासारखें आहे. दोन पेट्या जोडल्या कीं प्रथम त्यांच्यांत बोलणीं होतात. दर सोळा सहस्रांश सेकंदाला बारीक ठोक्यांचा एक झुबका पाठवून प्रत्येक पेटी आपली ऐपत कळविते, आणि दोघींना झेपेल तो सर्वांत मोठा वेग कायम होतो. मौज अशी कीं, हीं बोलणीं फक्त नारिंगी व हिरव्या जोडीवर चालतात. सोयरीक ठरविण्यास दोघी आल्या, संसार मात्र चौघींनीं करावयाचा! निळी किंवा तपकिरी तुटलेली असली तरी पेट्या मोठ्या उमेदीनें १००० चा करार करतात, चार जोड्यांवर काम सुरू करूं जातात, आणि फसतात. पुन्हां बोलणीं, पुन्हां अपयश. कांहीं खेपांनंतर पुष्कळ पेट्या हळूच १०० वर उतरतात व दिवा लावून मोकळ्या होतात. तार अगदींच तुटलेली नसून नुसती सैल असेल तर प्रकार अधिक वाईट. १००० चा दुवा कांहीं वेळ उभा राहतो, कोसळतो, आणि बोलणीं नव्यानें होईपर्यंत चार-पांच सेकंद शांतता. सराव-परीक्षा अडते ती येथें.

आणखी एक दोष माणसाच्या अतिशहाणपणाचा. कोणी तरी एका पेटीवर १०० चा वेग व दुतर्फा बोलणें हातानें पक्कें करून ठेवतो आणि बोलणीं बंद करतो. दुसऱ्या पेटीला वेग ओळखतां येतो, पण समोरचा दुतर्फा बोलतो हें कोणीं सांगितलेलें नसल्यानें ती एकतर्फी पद्धत धरते. मग एक अखंड बोलतो, दुसरा मध्यें कोणी बोललें कीं थांबतो. हलक्या कामांत कांहीं कळत नाहीं. मोठी चित्रफीत उतरविण्यास घेतली कीं वेग पार रसातळास जातो. दोन्ही टोकें बोलण्यांवर सोडावींत, हा त्यावर साधा इलाज.

लातूरच्या घरांत शोध लावण्याची रीत श्वेंडलरच्या वहीहून फारशी निराळी नाहीं. राउटरपाशीं मोजलें, वेग पुरा आला. बाहेरची बाजू निर्दोष ठरली. मग स्विच उचलून खालीं आणावा व हातभर चांगल्या तारेनें राउटरला जोडावा. १००० चा दिवा लागला, तर दोन्ही पेट्या निर्दोष. दिव्याचा कोणता रंग कोणत्या वेगाचा, हें मात्र कारखान्यागणिक बदलतें. तें पेटीवर वाचूनच घ्यावें. आतां उरली ती जिन्यावरची केबल. पेट्या जागेवर नेऊन प्रथम तिचीं दोन्ही टोकें तपासावीं. पारदर्शक खुंटींतून पाहिलें असतां आठही तारांचीं टोकें पुढच्या भिंतीपर्यंत भिडलेलीं दिसलीं पाहिजेत. एखादी तपकिरी तार आंखूड पडलेली असते आणि पितळी दाताखालीं येतच नाहीं. बाजारांत स्वस्तांत मिळणाऱ्या कित्येक केबली तर आंतून अॅल्युमिनियमच्या असून वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन-चारदां वांकविलें कीं ती तार आंतल्या आंत मोडते. बाहेरची साल शाबूत.

टोकें ठीक असतील तर प्रतिध्वनीचा उपाय राहतो, आणि हल्लीं कित्येक स्विचांतच ती सोय केलेली असते. तारेंत एक ठोका सोडावयाचा. तुटलेल्या जागीं आदळून तो परत येतो. अशा तारेंत संकेत सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या कोटीव्या भागांत वीस मीटर. ठोका कोटीव्या भागाच्या १.८ पट वेळांत परतला तर जाऊन-येऊन ३६ मीटर झाले. दोष स्विचपासून १८ मीटरांवर. नांदेडच्या तारमास्तरानें फेरा बांधून जें उत्तर काढलें असतें, तेंच येथें प्रतिध्वनि मोजून निघतें. हिंदुस्थानांतील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं संपली, पण तारेला तिचें दुखणें विचारण्याची रीत उरली आहे.

अठरा मीटर म्हणजे गच्चीचा कोपरा. तेथें कठड्यावर केबल काटकोनांत मुरडून खिळ्याखालीं दाबलेली असते, आणि वर्षानुवर्षें उन्हानें साल तडकलेली. सोलून पाहिलें तर निळी जोडी मोडलेली, तपकिरी हिरवट पडलेली. नारिंगी व हिरवी धडधाकट. तेथें गांठ मारून काम भागविण्याचा मोह टाळावा, कारण पीळ सुटला कीं शेजारणीची कुजबुज आलीच. शुद्ध तांब्याची सलग पंचवीस मीटर केबल आणून, उन्हाची बाजू टाळून, कोपऱ्याला गोलाई देऊन बसविली कीं वरच्या खोलींत आंकडा ९४ ओलांडून तीनशेंच्या जवळ जाऊन उभा राहतो. राउटर तोच, स्विच तोच. जुनी केबल गच्चीवर कपडे वाळत घालण्यास ठीक पडते.